तीन बोटं माया

मास्तरांनी माझ्या लेकीचा चेहरा कधी धड पाहिला नव्हता, आणि तरीही तिला काहीतरी झालंय हे त्यांना माझ्या आधी कळलं. मी तिची आई. रोज सकाळी तिची वेणी घालणारी, तिचा डबा भरणारी. या गोष्टीचा धक्का अजून ओसरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर रागही. कोणावरचा, ते विचारू नका.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या भांडुपच्या चढावर, तळमजल्यावरच्या खोलीच्या पुढच्या भागात, शाळेचे गणवेश शिवणारे टेलर. मुंबईत शिंप्याला मास्तर म्हणतातच, पण यांना ते नाव जरा जास्तच शोभायचं, कारण दुकानात पाऊल टाकलं की पोरांची परीक्षा सुरू व्हायची. वय सत्तरीला टेकलेलं, बोली तळकोकणातली, अंगात गंजीफ्रॉक, कानामागे निळा खडू. मशीन भिंतीकडे तोंड करून लावलेलं आणि मास्तरांची पाठ गिऱ्हाइकाकडे. बारा वर्षं मी ती पाठच ओळखत होते.

मुलींची मापं पुरुषाने का बघावीत, हा त्यांचा मूळ मुद्दा. म्हणून माप घ्यायची त्यांची बायको. तिला आम्ही काकी म्हणायचो. काकी टेप लावून खणखणीत आवाजात आकडे पुकारायची, खांदा इतका, छाती इतकी, कंबर इतकी, आणि मास्तर मान न वळवता ते वहीत उतरवायचे. सुरुवातीला हे फक्त मुलींपुरतं होतं म्हणे. पुढे मुलगे, बाप, शाळेचा शिपाई, कोणीही आला तरी मास्तरांची पाठच. दुकानात आरसाही नव्हता. कोणी मागितला तर म्हणायचे, "कपडो आंगाक इचारूचो, आरशाक कित्याक?"

परिणाम असा की पोरं त्यांना आकड्यांनीच माहीत. एकदा गणपतीच्या मांडवात माझी लेक त्यांच्यासमोर जाऊन "नमस्कार मास्तर" म्हणाली, तर हे कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिले. मग तिने हसत हसत आपली मापं सांगितली. मास्तरांचा चेहरा खुलला. "अगो, तू काय! तुझो डावो खांदो जरा वर आसा. दप्तर त्याच खांद्याक लावतंस ना?" आम्ही पोट धरून हसलो. ती तेव्हा सहावीत होती.

माप घेताना पोरं पोट आत ओढतात. त्यावर मास्तरांचा इलाज होता. टेप कमरेला लागला की ते भिंतीकडे बघतच हुकूम सोडायचे, "सतराचा पाढा म्हण." बोलताना श्वास धरता येत नाही, त्यामुळे माप खरं येतं. इंग्लिश मीडियमच्या पोरांना सतराचा पाढा कुठला यायला? त्यांना घरचा पत्ता म्हणायला लावायचे, पिनकोडसकट. पिनकोडही न येणारी पोरं निघाली तेव्हा मास्तर दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला ती बातमी सांगत होते.

दुसरा नियम, उपाशी पोटाचं माप घ्यायचं नाही. "जेवलंस?" हा पहिला प्रश्न. क्लासवरून थेट आलेली पोरं "हो" म्हणायची. "काय?" "चिप्स." "ता जेवाण नाय. बस थंय." मग काकी आत जायची आणि तांदळाचे घावणे घेऊन यायची. घावणा खाल्ल्याशिवाय टेप निघत नसे. आया घड्याळ बघत ताटकळायच्या. मीही ताटकळले आहे, आणि मनातल्या मनात चरफडलेही आहे.

कापडात मात्र त्यांचा हात सढळ. शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. इतर टेलर बोटभर ठेवतात, मास्तर तीन बोटं ठेवायचे. दर जूनमध्ये जुना गणवेश त्यांच्याकडे न्यायचा, ते उसवून थोडी माया सोडायचे आणि पोराचं आणखी एक वर्ष निघायचं. एकदा शाळेने नवा नमुना पाठवला, अंगाला घट्ट बसणारा. मास्तरांनी तो कागद नीट घडी करून मशीनच्या डगमगत्या पायाखाली सरकवला आणि सगळे गणवेश जुन्याच बेताने शिवले. शाळेच्या लक्षातही आलं नाही. मुलांना तेवढं बरं झालं.

त्यांच्याकडे येणारी पोरंही आता वेगळीच झाली होती. सोळा वर्षांचा एक मुलगा शर्टाच्या बाह्या दंडाला आवळून हव्यात म्हणून आला. जिमला जायचा, हातात कसल्याशा पावडरीची बाटली, आणि डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. मास्तरांनी विचारलं, "ह्यो हात कोणाक दाखवतलंस?" तो म्हणाला, "रील बनवायची आहे मास्तर." "मगे रीलाकच शर्ट घाल. माज्याकडे रक्त फिरूक जागा ठेवूची लागता." दुकानातल्या सगळ्या आया हसल्या. तेव्हा माझी लेक नववीत होती आणि तिच्या चार मैत्रिणींबरोबर बाकावर बसली होती. त्या पाचही जणी दर जूनमध्ये एकत्रच यायच्या. मला ते फार गोड वाटायचं.

दहावीच्या जूनमध्ये मात्र मी तिला एकटीलाच घेऊन गेले, तीही गणवेश सोडायला नव्हे, आत घ्यायला. नववीतला कुडता तिच्या अंगावर लोंबत होता. मी खूश होते. का नसेन? सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "काय देतेस गं हिला खायला? किती मस्त मेन्टेन केलंय!" तिच्या वर्गाच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो गेला की बदाम यायचे. मी स्वतः आयुष्यभर जाड म्हणून बोलणी खाल्लेली बाई. माझ्या मुलीला ती खावी लागत नाहीत, हे मला माझंच यश वाटत होतं. भात नको, चपाती अर्धीच, डबा परत. मी म्हणायचे, शहाणी आहे, स्वतःचं स्वतः बघते.

काकीने टेप लावला. लेक पत्ता म्हणू लागली आणि रस्त्याच्या नावापाशी थांबली. धाप लागली होती. काकीने कमरेचा आकडा पुकारला. मशीन थांबलं.

"परत घे," मास्तर म्हणाले.

काकीने परत घेतला. तोच आकडा.

"परत घे गो."

तिसऱ्यांदा काकीचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. मास्तरांनी वहीची मागची पानं काढली, आठवी, नववी, आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. मग भिंतीलाच विचारलं, "घराक कोण आजारी आसा?"

"कोणी नाही. का?" मी म्हटलं. "ती मेन्टेन करते. तुम्ही दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घ्या फक्त."

"वाढत्या आंगाचो कपडो मी आत घेवचंय नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे नाय. पंधरा वर्साचा चेडू. कंबर वाढाक होयी, ती आटली." मग आवाज खाली आणून बायकोला म्हणाले, "तिका इचार, पाळी येता काय वेळेर."

मी हादरलेच. भर दुकानात, मागे दोन गिऱ्हाइकं उभी, आणि हा माणूस माझ्या मुलीच्या पाळीची चौकशी करतोय! काकी लेकीच्या कानाशी वाकली होती. लेक जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, लाजेने मेली बिचारी.

"मास्तर, शिवायचं काम करा, डॉक्टरकी नको! लाज नाही वाटत?"

मास्तर वळले नाहीत. एवढंच म्हणाले, "डॉक्टराक दाखवा ओ बाय. हात जोडतंय." खरोखरच जोडले, भिंतीकडे तोंड करून. मी कुडता ओढून घेतला आणि लेकीला दंडाला धरून बाहेर काढलं. तो दंड माझ्या मुठीत पुरा मावला होता. हे मला तेव्हाही जाणवलं होतं, आणि तरीही मी चालत राहिले.

घरी पोचायच्या आत मी ग्रुपवर लिहिलं: "कृपया आपल्या मुलींना त्या टेलरकडे पाठवू नका. मुलींना घाणेरडे प्रश्न विचारतो. आज स्वतः अनुभव घेतला." एवढंच. दुकानात आणखी काही घडलं नव्हतं आणि मी तसं लिहिलंही नव्हतं. पण वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं, एवढी जागा मी बरोबर ठेवली होती. पाच मिनिटांत लाल रागीट चेहऱ्यांची रांग लागली. कोणी लिहिलं, मला आधीपासूनच संशय होता. ज्या माणसाने कुठल्याच मुलीकडे कधी वळून पाहिलं नाही, त्याच्याबद्दल! एक आई शाळेत जाऊन आली. पंधरवड्यात शाळेची सूचना निघाली, गणवेश यापुढे मुलुंडच्या दुकानातून घ्यावेत. तिथे एसी होता, चहूबाजूंनी आरसे होते, आणि त्यांनी दहा मिनिटांत कुडता आत घेऊन दिला. लेक आरशात स्वतःभोवती फिरून बघत होती. मी तिचा फोटो काढला.

भाजी घेताना एकदा काकी समोर आली. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बाजूने निघून गेली. माझ्या नवऱ्याने विचारलं, "अगं, तो माणूस खरंच तसा होता का?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय बायकांचं?"

ऑगस्टमध्ये लेक शाळेच्या जिन्यात कोसळली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग पहिलाच प्रश्न, "शेवटची पाळी कधी आली?" मी पटकन म्हटलं, "येते की, दर महिन्याला. पॅड मीच आणते." लेकीने डोळे मिटले आणि म्हणाली, "फेब्रुवारीत." डॉक्टर शांतपणे सांगत होत्या: शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही की ते आधी अशी कामं बंद करतं, मग हाडं, मग हृदयाचाही नंबर लागतो, ठोके फार मंद झालेत, आता घरी पाठवता येणार नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच घुमत होतं. हाच प्रश्न. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाने हाच प्रश्न विचारला होता, दोन महिन्यांपूर्वी.

तिचे कपडे आणायला घरी गेले तेव्हा कपाटाच्या तळाशी, स्वेटरांच्या पिशवीत, पॅडची पाकिटं सापडली. एकही फोडलेलं नव्हतं. मला कळू नये म्हणून ती दर महिन्याला आठवणीने मागून घेत होती. मी तिथेच फरशीवर बसले.

आता ती बरी होते आहे. हळूहळू, दोन पावलं पुढे, एक मागे. पण मला सांगायचंय ते पुढचं.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी ती बोलली. त्या पाच जणींची पैज होती. नाव ठेवलं होतं 'सेम साईझ'. आठवीपासून ज्या मुलीचा गणवेश सोडावा लागेल, ती बाद. नववीत कोणीच बाद झाली नाही, तेव्हा नियम बदलला. आता ज्या मुलीचं माप कमी, ती पुढे.

"पण एकमेकींची मापं तुम्हाला कळायची कशी?" मी विचारलं.

"काकी ओरडतात ना, आई. बाकावर बसलं की सगळ्यांना ऐकू येतं."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला बरं वाटलं. इतके दिवस सगळा दोष एकटीच्या छातीवर होता, आता त्यात वाटेकरी मिळाला. रविवारी सकाळी मी मास्तरांकडे माफी मागायला गेले, ती ही गोष्ट बरोबर घेऊनच.

दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. जूनपासून नव्हतं म्हणे. मास्तर कोणाच्या तरी उशीचा अभ्रा शिवत होते. मी माफी मागितली. काकी दारात उभी राहून ऐकत होती. मास्तर म्हणाले, "चेडू कसा आसा?" मी सांगितलं, आणि लगेच दुसरी गोष्टही सांगून टाकली. पैजेची. आकड्यांची. पुकारण्याची.

काकीने तोंडावर पदर घेतला. मास्तरांचे हात अभ्र्यावर तसेच राहिले. "माज्या बायलेचो आवाज," ते म्हणाले. मग पुन्हा, अगदी हळू, "आमचोच आवाज." चाळीस वर्षं माप खरं यावं म्हणून ज्यांनी पोरांचा श्वास मोकळा ठेवला, त्यांच्याच दुकानात पोरी श्वास रोखून एकमेकींचे आकडे ऐकत होत्या. त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. वाटेकरी मिळाल्याचं माझं सुख तिथल्या तिथे विरलं. मला माझीच किळस आली.

काकी रडत होती. मास्तर उठले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, वही काखेत मारली. "बाकीची चार चेडवां खंय रवतत? चला."

"मास्तर, तुम्ही येऊ नका. लोक काय बोलतील..."

"तां तुमी लिवलात ना? मगे तुमीच पुसा."

पहिल्या घरी दार उघडलं ते मुलीच्या वडिलांनी. मास्तरांना बघताच त्यांचा चेहरा बदलला. "हाच ना तो? हिंमत कशी झाली तुझी इथे यायची?" त्यांनी मास्तरांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे ढकललं. मास्तर कठड्याला लागले, वही खाली पडली. मी मध्ये शिरले. "ते मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "यांनी माझ्या मुलीला पाळीचं विचारायला लावलं, ते ती आजारी आहे हे यांना कळलं म्हणून. बाकी काहीही नाही. माझी मुलगी हॉस्पिटलमध्ये आहे. मी यांची बदनामी केली." जिन्यात शेजारणी जमल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. त्या माणसाने वही उचलून दिली, पण माफी मागितली नाही. मुलीला मात्र आतून बाहेर बोलावलं.

दुसऱ्या घरची आई सगळं ऐकून रडली आणि लगेच चपला घालून मुलीला डॉक्टरकडे घेऊन निघाली. तिसऱ्या घरी, "आमची ठीक आहे, थँक्यू," म्हणून दार बंद झालं. आम्ही अर्धा तास बेल वाजवली, तेव्हा कुठे त्या बाईने डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला.

चौथं घर चढाच्या अगदी वर. मास्तरांच्या वहीत नववीतला सगळ्यांत कमी आकडा याच मुलीचा होता, ते वाटेतच सांगत होते. दार तिनेच उघडलं. लहानपणापासून माझ्या घरी वाढदिवसाला येणारी मुलगी, आणि मला तिला ओळखायला क्षणभर लागला. त्या उकाड्यातही तिने पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट घातलं होतं. आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

मी तिला सांगितलं, माझी लेक ॲडमिट आहे. हृदयाचं सांगितलं, सलाईनचं सांगितलं, पैजेबद्दल आम्हाला कळलंय हेही सांगितलं. ती दाराची कडी धरून ऐकत होती. ती घाबरेल, रडेल, असं मला वाटत होतं.

"काकू," ती म्हणाली, "ॲडमिट झाली तेव्हा तिचं माप किती होतं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ती उत्तराची वाट बघत होती. तिचे डोळे माझ्यावरून मास्तरांच्या काखेतल्या वहीवर गेले होते.

मास्तर पुढे झाले. वही उघडली, पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलेला आकडा नववीपेक्षा कमी होता, ते मला दिसत होतं. "नववीपेक्षा एक इंच ज्यास्ती," ते म्हणाले. मग वही मिटली. "ती बाद झाली. सगळी बाद झाली. तू जिंकलंस, बायो. खेळ संपलो. आता जेव."

"खरंच?" ती म्हणाली.

आणि ती हसली. इतकी मनापासून, इतकी लख्ख. मास्तरांनी दाराच्या चौकटीचा आधार घेतला आणि मी तिला ओलांडून, तिच्या आईला हाका मारत, सरळ स्वयंपाकघरात शिरले.